तवा फडताळात ठेवू नकोस

वेंगुर्ले,
श्रावण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास की ताईने अमेरिकेहून आणलेला बिडाचा पॅन गंजलाय, हात लावला की चिकटतो, आणि वहिनी तो भंगारात द्यायला निघाल्यात. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. तो पॅन देऊ नका. गंज वरवरचा आहे आणि चिकटपणा तेलाचा आहे. दोन्ही घरच्या घरी जातात. बिडाचं भांडं वाया जातं ते तडा गेला तरच. दांड्याला धरून अधांतरी ठेव आणि बोटाच्या पेराने ठोकून बघ. खणखणीत वाजलं तर भांडं शाबूत. बद्द आवाज आला तर तळ उजेडात धरून नीट बघ.

बीड म्हणजे दोन ते चार टक्के कार्बन असलेलं लोखंड. त्या कार्बनमुळे ते पोलादाच्या मानाने कमी उष्णतेवर वितळतं आणि वाळूच्या साच्यात सहज ओतता येतं. पण ठिसूळही त्यामुळेच असतं. पत्र्यासारखं ते वाकत नाही, फुटतं. फरशीवर आपटलं किंवा तापलेलं असताना गार पाण्याखाली धरलं, की गेलं. तिकडे टेनेसी राज्यात साउथ पिट्सबर्ग गावात लॉज कंपनी १८९६ पासून असे पॅन ओतते आहे. आपल्याकडे घाटावर कोल्हापूर-बेळगावला ओतकामाचे कारखाने आहेत. तुझ्या पॅनचं अंग खरखरीत आहे म्हणालास, ते वाळूच्या साच्याचं खरखरीतपण. त्याची काळजी नको. वापरात ते बुजत जातं.

आता गंजाचं. जाडं मीठ घे, नारळाच्या शेंडीने कोरडंच घास. त्याने भागलं नाही तर तारेच्या घासणीने घास. खोलवर गेला असेल तर निम्मं पाणी, निम्मा व्हिनेगर करून त्यात अर्धा तास बुडव, आणि काढून पुन्हा घास. रात्रभर ठेवू नकोस, आंबट पाणी गंजाबरोबर लोखंडही खातं. धुतल्यावर लगेच गॅसवर चढव. फडक्याने पुसून भागत नाही, कारण बारीक छिद्रांत पाणी राहतं आणि बघता बघता लालसर झाक येते.

मग तेल. तुझा पॅन चिकटतोय तो इथेच बिघडला, तेल भरपूर लागलंय. तव्याला तेल द्यायचं ते नावापुरतं. बोटाला लागेल एवढंच तेल कपड्यावर घ्यायचं, आतून बाहेरून, दांड्यालासुद्धा चोळायचं, आणि मग दुसऱ्या कोरड्या कपड्याने ते सगळं पुसून टाकायचं, जणू लावलंच नव्हतं. जे उरतं तेवढंच पुरतं. ओव्हन असेल तर पालथा घालून २०० ते २३० अंशांवर तासभर ठेव आणि आतच निवू दे. नसेल तर गॅसवर धूर येईपर्यंत तापव, खिडक्या उघड्या ठेव. असं लागोपाठ तीन-चारदा. उष्णतेने ते पातळ तेल हवेतल्या प्राणवायूबरोबर जुळून घट्ट, कोरडा थर होतं. दारांना लावलेलं जवसाचं तेल सुकून कडक होतं, तसंच. थर जाड बसला, तर वरचा सुकतो आणि खालचा ओला राहतो. तोच हाताला चिकटतो.

आणि आपल्या घरांतली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. खोबरेल वापरू नकोस. खायला ते उत्तम, पण त्यातली जवळजवळ नव्वद टक्के स्निग्धं संपृक्त असतात आणि ती अशी जुळून कडक होत नाहीत. शेंगदाण्याचं, तिळाचं, सूर्यफुलाचं, सोयाबीनचं, कुठलंही चालेल. जवसाचा थर सगळ्यात कडक होतो खरा, पण पापुद्रे सुटतात, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

एवढं झाल्यावर तव्याला खरा रंग चढतो तो घावण्यांनी. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर आडून सांगितलं असतं, तुला सरळ सांगतो: बिडाचा तवा नसेल तर घावणे करू नयेत. रात्री भिजवलेला तांदूळ सकाळी बारीक वाटायचा, मीठ घालून पाण्यासारखं पातळ पीठ करायचं. तवा मंद आचेवर ठेवायचा आणि घाई करायची नाही. अल्युमिनियम बिडाच्या चौपट वेगाने उष्णता पसरवतं. बिडाचा तवा मात्र ज्वाळेवरच आधी तापतो आणि कडा मागे राहतात. मोठ्या आचेवर घाईने तापवलास तर मधे करपेल आणि कडेला कच्चं राहील. आई चुलीपाशी बसून आजही मला म्हणते, "तवो अजून तापाक नाय." मी थांबतो. पाण्याचा थेंब टाकला की तो नुसता चुरचुरत नाही, गोळी होऊन पळतो, तेव्हा तवा तयार.

मग अर्धा कांदा सुरीच्या टोकाला टोचून, तेलात बुडवून फिरवायचा. पीठ वाटीने काठाकडून सुरू करून आत येत ओतायचं. पळीने पसरवायला गेलास तर फाटतं. पडताक्षणी सूं करून आवाज येतो आणि पिठात जाळी पडते. ती जाळी हेच बिडाच्या वजनाचं काम. पातळ भांड्यावर गार पीठ पडलं की भांडंच थंडावतं. जाड बिडात उष्णता साठलेली असते, ती पडल्या पडल्या पाणी उकळवते आणि वाफ छिद्रं करून बाहेर पडते. वर झाकण, कडा सुटल्या की उचलायचा. पहिला घावणा तव्याचाच असतो, तो चिकटला म्हणून हात आखडू नकोस. दुसऱ्यापासून आपोआप सुटायला लागतात. काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर, किंवा गूळ घातलेल्या नारळाच्या रसात. आता लिहिता लिहिताच भूक लागली.

माशांचा तवा वेगळा ठेव, हे तुझ्या आईनेही सांगितलं असतं. वास बिडात धरून राहतो आणि सकाळच्या घावण्याला बांगड्याचा वास कुणाला चालेल? बांगडा, सुरमई, मुडदुशे, सगळं बिडावर सुरेख होतं. आगळ (कोकमाचा आंबट रस) आणि मिठात मुरवलेला तुकडा तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर ठेवला की त्याला हात लावायचा नाही. खालची बाजू खरपूस झाली की तो स्वतःच सुटतो. त्याआधी उलटायला गेलास तर कातडं तव्याला राहील. आगळ तेवढ्यापुरतं लागतं, त्याने बिघडत नाही. पण कोकमाची, चिंचेची, टोमॅटोची आमटी बिडात उकळू नकोस. आंबटपणा तेलाचा थर खातो, आमटी काळपट होते आणि तिला लोखंडाची चव येते. आमटीला मातीचं नाहीतर स्टीलचं भांडं.

बिडातून थोडं लोह अन्नात उतरतं हे खरं, आणि आंबट, रसाळ पदार्थांत जास्त. वहिनींचं हिमोग्लोबिन कमी आहे म्हणालास. तव्याने झाला तर हातभार होईल, पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या जागी तवा धरू नकोस. आणि घरात कुणाला लोह जास्त असल्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचार.

घासायचं कसं हेही विचारलं होतंस. गरम असतानाच, कोमट पाण्याने, शेंडीने. थोडा साबण लागला तर काही होत नाही. पूर्वीच्या साबणात कॉस्टिक सोडा राहायचा, तो थर काढायचा, म्हणून मोठी माणसं नको म्हणायची. भिजत मात्र कधी ठेवायचा नाही, आणि शिजलेलं रात्रभर त्यात ठेवायचं नाही. धुतला की गॅसवर वाळव आणि वरून तेलाचं फडकं फिरव.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तुझा पॅन वापराने गंजला नाही, ठेवून गंजला. आमच्याकडे हे दरवर्षी दिसतं. जून-जुलै मासेमारी बंद, लागून श्रावण, आणि कित्येक घरांत गणपती जाईपर्यंत मासे नाहीत. माशांचा तवा फडताळात जातो. बाहेर संततधार, हवेत समुद्राचं मीठ, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. दार उघडेपर्यंत तवा लाल! घावण्यांचा तवा त्याच स्वयंपाकघरात, त्याच हवेत काळाभोर राहतो, कारण तो रोज तापतो, रोज त्याला तेल मिळतं. म्हणून आई श्रावणातही माशांचा तवा दर चार दिवसांनी चुलीवर ठेवते, तापवते, पुसते आणि उलटा ठेवते. तू डोंबिवलीत, खाडी फार लांब नाही, पावसाळा तोच. पॅन गॅसच्या बाजूला उघड्यावर राहू दे. झाकण लावून ठेवू नकोस, आत वाफ कोंडते. आणि बाहेरगावी जाणार असाल तर तेलाचं फडकं फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेव.

पहिल्या आठवड्यात त्यात फक्त तेलाचे पदार्थ कर. कांदा परत, भजी तळ, बटाट्याचे काप कर. अंडं लगेच नको, ते चिकटेल आणि वहिनी पुन्हा भंगारवाल्याला हाक मारतील. आठवडा झाला की घावणे लाव. तांदूळ जुनाच घे, नव्याचे लिबलिबीत होतात.

गणपतीला येशील तेव्हा पॅन बरोबर आण. जाताना त्याच्यावर काय करून बघायचं ते आई सांगेलच. ती तुझी वाट बघते आहे आणि विचारत होती, की काकूंचे गुडघे आता कसे आहेत. काकूंना माझा नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पहिला घावणा उतरला की फोटो पाठव, फाटला असला तरी.

तुझा,
मित्र