त्या जागेला ओसाड म्हणू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत उत्तर ध्रुवाकडच्या लांडग्यांवर अर्धं पान आलं होतं. फोटो झकास होते, मुलीने कापून कपाटाला चिकटवलेत. पण मजकुरात दोन-तीनदा "ओसाड बर्फाळ प्रदेश" असं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. मी करमाळ्याकडचा, आमच्या माळाला पण सगळे पडीकच म्हणतात आणि त्याच माळावर लांडगा पिल्लं वाढवतो, त्यामुळे हा शब्द मला जरा जास्तच टोचतो.

कॅनडाच्या उत्तरेला जिथे झाडं संपतात आणि टुंड्रा सुरू होतो तिथली जमीन थोडं खाली गेलं की बारा महिने गोठलेली असते. लांडग्याने बीळ उकरायचं कुठे? तर तिथे एस्कर म्हणून वाळूचे बांध आहेत, बर्फयुगात हिमनद्यांच्या पोटातून वाहणाऱ्या पाण्याने वाळू-गोटे आणून टाकले, नंतर बर्फ वितळला आणि धरणाच्या मातीच्या बांधासारखे हे लांबच लांब बांध उरले. पाणी निचरून जातं, वाळू उकरता येते, म्हणून तिथले लांडगे एस्करमध्ये बीळ करतात आणि बऱ्याचदा तेच बीळ पुढच्या वर्षी परत वापरतात.

त्यांचं सगळं आयुष्य कॅरिबू हरणांवर. उन्हाळा आला की कॅरिबूच्या माद्या वासरं द्यायला पार उत्तरेकडे निघून जातात आणि लांडगे मात्र पिल्लांमुळे बिळापाशी अडकलेले. तिथल्या एका मादीला संशोधकांनी जीपीएस कॉलर लावला होता, बिळात 11 पिल्लं आणि ही धरून तीन माद्या त्यांना दूध पाजत होत्या. जवळपास कॅरिबू उरले नाहीत तेव्हा ही बाई निघाली ती 14 दिवसांत कमीत कमी 341 किलोमीटर चालली, बिळापासून सरळ रेषेत 103 किलोमीटर लांब गेली, आणि परत आली! हे वाचल्यापासून मला आपल्या मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांची वाट आठवते. ही सगळी जागा तिच्या घरातच मोजायला हवी ना, नुसतं बीळ म्हणजे घर नव्हे.

आता अडचण अशी की खाणींच्या रस्त्यांना, धावपट्टीला तीच एस्करची वाळू-खडी सोयीची पडते. लाक द ग्रास तलावाजवळ 1998 ला एकाटी आणि 2003 ला डायविक या हिऱ्यांच्या खाणी सुरू झाल्या, हा बाथर्स्ट नावाच्या कॅरिबू कळपाचा इलाखा. या कळपात 1986 ला साधारण 4 लाख 70 हजार जनावरं होती, 2018 च्या मोजणीत आठ हजारांच्या आसपास. सगळा दोष खाणींचा असं मी म्हणत नाही, पण तिथल्या मूळ रहिवाशांवर 2015 पासून या कळपाच्या शिकारीची बंदी आली, ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्या पोट त्यावर होतं, आणि 2020 मध्ये कळप वाचावा म्हणून तिथल्या सरकारने हवेतून लांडगे मारूनही पाहिलं. माझ्या मते हे चुकीचं होतं, आधी जागेचं बघायला हवं होतं.

अजून एक, "टोळीचा क्रूर सरदार" हे पण काढून टाका. डेव्हिड मेक हे शास्त्रज्ञ 1986 पासून कित्येक उन्हाळे कॅनडाच्या पार उत्तर टोकाच्या एल्समेअर बेटावर लांडग्यांच्या अगदी जवळ राहिले, तिथे कोणी मारत नव्हतं म्हणून ते माणसाला बिचकत नव्हते. त्यांनी स्वच्छ सांगितलं की ज्याला सरदार म्हणतात तो बाप असतो, सोबत आई आणि त्यांची लहान-मोठी पोरं. तिथे तर खडकातल्या गुहेत बीळ, आणि आसपास शिकारीची कित्येक शतकं जुनी हाडं सापडलीत.

पुढच्या वेळी नकाशा पण छापा ही विनंती, बीळ कुठे, कॅरिबू कुठे जातात, खाणी कुठे. आणि जमलं तर आमच्या माळावरच्या लांडग्यांवर पण एक पान करा, जात तीच आहे, आणि इथे पण सातबारावर पडीकच लिहिलेलं असतं.

आपला,
एक वाचक, ता. करमाळा, जि. सोलापूर