कुंपणाची छाटणी न जाळता आवारातच कुजवण्याबाबत सोसायटी अध्यक्षांना पत्र

दिनांक : 18 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
होटगी रोड, सोलापूर.

विषय : कुंपणाच्या छाटणीचा पाला व काटक्या न जाळता आवारातच खत करण्याबाबत आणि बागकामाच्या नव्या ठेक्यात तशी अट घालण्याबाबत.

महोदय,

परवा रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास पंपघरामागे पडलेला छाटणीचा ढीग पेटवण्यात आला. दिवाळीपूर्वी केलेल्या छाटणीचा हा माल वरून वाळलेला असला तरी आतून ओलाच होता, त्यामुळे तो पेटण्याऐवजी धुमसत राहिला आणि थंडीमुळे धूर वर न चढता ब विंगच्या खालच्या दोन मजल्यांवर तासभर रेंगाळला. आम्ही खिडक्या लावून बसलो. शेजारच्या आजींना दम्याचा पंप दोनदा घ्यावा लागला. मी खाली जाऊन पाहिले तेव्हा त्या ढिगात मेंदी आणि ड्युरांटाबरोबर कण्हेरीच्या जाड फांद्याही होत्या. कण्हेर विषारी आहे आणि तिचा धूरही नाकातोंडात जाऊ देऊ नये, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक असते. तरीही यात माळीदादांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. ठेकेदाराशी झालेल्या करारात छाटणी वर्षातून किती वेळा करायची हे लिहिलेले आहे, पण छाटलेल्या मालाचे पुढे काय करायचे याबद्दल एक शब्दही नाही.

पुढे लिहिण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. कुंपणे छाटणे आणि बागांची देखभाल करणे हाच माझा व्यवसाय आहे. विजापूर रोड आणि जुळे सोलापूर भागातील काही बंगले व सोसायट्यांचे काम माझ्याकडे आहे. आपल्या सोसायटीचे काम माझ्याकडे नाही, ते मी मागतही नाही आणि नव्या ठेक्यासाठी दरपत्रकही देणार नाही. खाली जे सुचवतो आहे ते मी स्वतः काही वर्षे करून पाहिलेले आहे, त्यातल्या चुकांसकट.

दिवाळीपूर्वीच्या छाटणीत आपल्या आवारातून सव्वीस पोती माल निघाला. मी जाता-येता मोजला होता. त्यात पाने आणि कोवळे शेंडे बरेच अधिक, पेन्सिलीएवढ्या काटक्या त्याहून कमी आणि अंगठ्याहून जाड फांद्या फारच थोड्या होत्या. पाने व शेंडे लवकर कुजतात आणि काटक्या दोन-तीन इंचांचे तुकडे केल्याशिवाय कुजत नाहीत, हे एकदा लक्षात घेतले की अर्धे काम झाले. म्हणून माझी माणसे छाटणी करतानाच जाड फांद्या वेगळ्या टाकतात आणि बारीक काटक्या जागेवरच कोयत्याने तोडतात. ढीग घातल्यावर त्यातून काटक्या निवडत बसणे हे दुप्पट मजुरीचे काम होते.

आपल्यासाठी मला सर्वांत सोयीचा वाटतो तो नाडेप हौद. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच तिला हे नाव पडले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असा विटांचा हौद जमिनीवर बांधायचा, विटा मातीत रचून फक्त शेवटचा थर सिमेंटात घ्यायचा आणि चारी भिंतींत हवेसाठी झरोके ठेवायचे. आत तळाला सहा इंच काडीकचरा, त्यावर सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवलेले चार किलो शेण आणि त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली माती, असे थर काठाच्या वर येईपर्यंत लावत जायचे आणि शेवटी शेणमातीने लिंपून टाकायचे. माल खाली बसला की पुन्हा थर चढवायचे. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते आणि मध्ये उलथापालथ करावी लागत नाही. आपल्याकडे रोज फावडे हातात घेणारा माणूस नाही, म्हणून ही शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोठ्याची घाण वाटावी इतके शेणही यात लागत नाही. पूर्ण हौदाला नव्वद ते शंभर किलो पुरते.

आता चुकांबद्दल. अक्कलकोट रोडला माझी भाड्याची जागा आहे. तेथे मी पहिला ढीग हौदाशिवाय, उघड्यावर, ऐन एप्रिलमध्ये लावला. पाचव्या दिवशी त्यात खुपसलेली सळई बाहेर काढली तर हाताला चटका बसला, तेव्हा मला फार आनंद झाला. पण पंधरा दिवसांत आपल्या उन्हाने ढिगातला ओलावा इतका शोषून घेतला की कुजणे थांबले आणि खाली वाळवी लागली. सोलापुरात खत बिघडते ते बहुधा कोरडे पडून. मूठभर माल हातात घेऊन दाबला की पिळलेल्या फडक्यासारखा ओलसर लागला पाहिजे, पाणी मात्र टपकता कामा नये. त्यासाठी हौदावर ओले बारदान टाकणे आणि आठवड्याला झरोक्यांतून पाणी शिंपडणे एवढे पुरते. नळाला रोज पाणी येत नाही हे मी विसरलेलो नाही, म्हणून टाक्या धुताना गटारात जाणारे पाणी यासाठी राखून ठेवावे असे सुचवतो.

कण्हेरीचा माल मी खतात घेत नाही. कुजल्यावर तिचे विष उतरते, पण तोवर तिची पाने इकडेतिकडे पडलेली असतात आणि गेल्या पावसाळ्यात फाटकाबाहेर टाकलेल्या पाल्याला शेळ्या तोंड लावत असताना वॉचमनने वेळीच हुसकावल्या होत्या, हे आपणास आठवत असेल. ड्युरांटाचाही पाला आणि फळे जनावरांना देऊ नयेत. कण्हेर स्वतंत्र पोत्यात बांधून महापालिकेच्या सूचनेप्रमाणे द्यावी.

तयार खताचा उपयोग आपल्या दारातच आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि घातलेले पाणी त्या भेगांतून खाली निघून जाते. कुंपणाच्या मुळाशी खत घालून त्यावर वाळक्या पाल्याचे दोन-तीन इंचांचे आच्छादन केले तर एप्रिल-मेमध्ये पाण्याची एखादी पाळी वाचू शकते. आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये, नाहीतर वाळवी बुंध्यापर्यंत पोहोचते. उरलेले खत सभासदांनी आपापल्या कुंड्यांसाठी न्यावे.

नियमांबद्दल थोडक्यात. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवून त्याची विल्हेवाट स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे लावायची आहे. डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली आणि त्यासाठी 5,000 रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. उद्या कोणी रविवारच्या धुराचा फोटो काढून तक्रार केली, तर नोटीस माळीदादांच्या नावाने नव्हे, सोसायटीच्या नावाने येईल.

तरी माझी विनंती अशी की, डिसेंबरअखेर संपणाऱ्या ठेक्याचे नूतनीकरण करताना छाटलेला माल आवाराबाहेर टाकू नये किंवा जाळू नये, जाड फांद्या वेगळ्या कराव्यात आणि बाकीचा माल तुकडे करून हौदाजवळ आणून द्यावा, अशी अट घालावी व त्याची मजुरी दरात स्वतंत्र दाखवावी. ती थोडी वाढेल, हे मी आधीच सांगतो. हौद पंपघरामागे, ढीग पडतो त्याच जागी, पण ब विंगच्या भिंतीपासून किमान पंधरा फूट अंतर सोडून बांधावा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपूर्वी तो बांधून भरला, तर मेच्या सुरुवातीला खत हाती येईल. पहिला हौद भरताना दोन रविवार मी माझ्या दोन माणसांसह विनामोबदला उभा राहीन. विटा व मातीच्या खर्चाचा अंदाज समितीने गवंड्याकडून परस्पर घ्यावा. माझ्या व्यवसायामुळे त्यात माझा हात नसलेला बरा.

हा विषय पुढील मासिक बैठकीत घ्यावा आणि तोपर्यंत पंपघरामागे उरलेली नऊ पोती कोणीही पेटवू नयेत, अशी सूचना आजच फलकावर लावावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. 204, ब विंग