आजोबांची जावा

कोल्हापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, "आई, ते भंगार अजून काढलं नाहीस का?" मी विषय बदलला, कारण तेव्हा दाखवण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. काल संध्याकाळी आजोबांची जावा मोटारसायकल सुरू झाली. दोन्ही सायलेन्सरमधून इतका धूर निघाला की वरच्या काकू "काय पेटलं गं?" म्हणत गॅलरीत आल्या.

गाडी १९६९ची, म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातली. किक आणि गिअर एकाच दांड्यावर. लहानपणी रविवारी बाबा ती उघडून बसायचे. मामाच्या हातात पाना असायचा, माझ्या हातात टॉर्च. मामा शिकला, मला मात्र 'पॉइंट' म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे दोन ठिपके, हे यंदा कळलं. हसू नकोस.

सुरुवातच चुकली. किक हलेना म्हणून मी दांड्यावर उभीच राहिले. उद्यमनगरातले मिस्त्री बघायला आले आणि वैतागले. "ताई, हलत नाही तिथं जोर लावायचा नसतो." इतकी वर्षं पडून पिस्टन सिलिंडरला धरला होता. ठिणगीचा प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल सोडलं आणि तसंच ठेवलं. रोज सकाळी चहाच्या आधी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हलकेच पुढे-मागे करायचे. नवव्या दिवशी चाक बोटभर सरकलं. तुझा दहावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. रागावू नकोस.

मग टाकी. जुन्या पेट्रोलचा आत डिंक झाला होता, वर गंजाचे पापुद्रे. दोन मुठी बारीक नट आणि रॉकेल आत टाकलं, टाकी गोधडीत गुंडाळली आणि मांडीवर घेऊन तासभर हलवली, तुला झोपवायचे तशी. पेट्रोलचा रबरी पाइप नवीनच घातला. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं.

पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर मात्र मी फोटो न काढताच स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडला. त्यातल्या सुईची क्लिप कुठल्या खाचेत होती ते आठवेना. मधल्या खाचेत लावली, आणि नशीब, चाललं. बुजलेला जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, वायरमधल्या तांब्याच्या एका तारेने मोकळा केला. टाचणी घालणार होते, मिस्त्रींनी हात धरला. टाचणीने भोक मोठं होतं म्हणे.

ठिणगीने सगळ्यात जास्त रडवलं. ही गाडी सहा व्होल्टची. बॅटरी मेलेली असली की नुसत्या किकने ठिणगी पडत नाही. नवी बॅटरी बसवली, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, ०.४ मिमीची फट ठेवली. प्लग सिलिंडरला टेकवून किक मारली तर पिवळी, मरतुकडी ठिणगी. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदलल्यावर निळी आली, टिचकी वाजल्यासारखी. मी तीनदा मारून पाहिली, उगाचच.

हिला ऑइलची वेगळी टाकी नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. लिटरला ४० मिली, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने चार झाकणं. विसरलं की पिस्टन पुन्हा धरणार, म्हणून झाकण दोरीने हँडललाच बांधलंय.

तू म्हणाला होतास, कागद 'व्हिंटेज'मध्ये करून घे. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं झालेल्या गाडीला तशी नोंदणी मिळते. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला आणि फार तर पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच बाहेर काढता येते. मला रंकाळा तलावावर फिरायला जायचंय. त्यामुळे जुनी आरसीच (नोंदणीचा कागद) नूतनीकरणाला टाकणार आहे.

एक काम उरलंय. पांढरा धूर थांबत नाही आणि गिअरचं ऑइल कमी होतंय. मिस्त्री म्हणतात, क्रँकचं सील, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी, वाळलंय, त्यातून इंजिन गिअरचं ऑइल आत ओढतंय. सील आणून ठेवलंय, पण त्यासाठी डावी बाजू उघडावी लागणार. दिवाळीला येशील तेव्हा उघडू. पाना मी धरेन. तू टॉर्च धर.

तुझी,
आई