ग्रंथालय पुरे, आता रुग्णनोंदी द्या

संपादक महोदय,

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात ग्रंथालयातील पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीचा ठरावीक प्रकल्प आता पुरे. आरोग्य माहिती तंत्रज्ञान शिकवायचे तर ‘फायर’ (FHIR) या रुग्णनोंदींच्या देवाणघेवाणीच्या मानकावर चालणारा हापी फायरसारखा मुक्तस्रोत सर्व्हर वर्गातच बसवावा आणि त्यात सिंथिया या प्रोग्रॅमने तयार केलेले काल्पनिक रुग्ण भरावेत. खऱ्या रुग्णांच्या फायली नकोत; नाव खोडले तरी जन्मतारीख, पिनकोड आणि दुर्मीळ आजार मिळून माणूस ओळखता येतो.

सिंथियाची नावे-पत्ते मात्र अमेरिकी असतात. ते बदलून वडोदऱ्यासारखे करावेत, कारण खरी गोची तिथेच आहे. लग्नाआधी वडिलांचे, नंतर पतीचे मधले नाव. एक अर्ज गुजरातीत, दुसरा इंग्रजीत. ‘जोशी’चे स्पेलिंग प्रत्येक खिडकीवर वेगळे. नाव आणि जन्मतारीख जुळवणारा प्रोग्रॅम एकाच बाईच्या तीन नोंदी करतो. जुळणी सैल केली, तर दोन बायकांची एकच नोंद होते, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी भलतीच्याच नावावर चढते! चौदा अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक) ऐच्छिक असल्याने त्यालाच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, करणे चूक.

एककांचेही तेच. साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ७ मिलिमोल प्रति लिटर. एकक न साठवता नुसता ७ ठेवला, तर मधुमेही रुग्ण पडद्यावर मरणासन्न दिसेल. तपासणीला लॉइंक कोड (तपासण्यांचा आंतरराष्ट्रीय प्रमाणित संकेतांक) आणि आकड्याला एकक नसेल, तर सर्व्हरने नोंद नाकारावी, हा नियम विद्यार्थ्यांनीच लिहावा.

निम्मे गुण, दुसऱ्या गटाची नोंद आपल्या प्रणालीत अर्थ न बदलता उघडते का, यावर द्यावेत.

– दोन अध्यापक, वडोदरा