पिवळी टोपी, पिवळा झेंडा

महोदय,

परदेशात राहणाऱ्यांचा विषय निघाला की सगळे पगाराचाच हिशेब मांडतात. मी टोकियोत एदोगावा भागात राहते. २०१९ मध्ये इथूनच योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ नगरसेवक झाले. मला मात्र इथे बांधून ठेवलंय ते साध्या दिनक्रमाने. पहिलीतली माझी लेक पिवळी टोपी घालून मैत्रिणींबरोबर चालत शाळेत जाते, सोबत आईबाप नाहीत. चौकात पिवळा झेंडा धरून शेजारचे आजोबा मुलांना रस्ता पार करून देतात, भर पावसातसुद्धा! संध्याकाळी भोंग्यावर धून वाजली की मुलं खेळ आवरून घराकडे वळतात. भूकंपाच्या सूचनांसाठी बसवलेल्या भोंग्यांची ती रोजची चाचणीही असते. ती धून ऐकली की मी कुकर लावते.

– एक वाचक, टोकियो