साठ वेळा काढलेलं एकच चित्र

संपादक महाशय, नमस्कार.
पुरवणीतला अमेरिकन चित्रकलेवरचा लेख आवडला, पण बायबलचा विषय निघूनही एडवर्ड हिक्सचं नाव नाही हे जरा खटकलं. पेनसिल्व्हेनियातला हा क्वेकर (म्हणजे एका शांततावादी ख्रिस्ती पंथाचा) प्रवचनकार, पोटापाण्यासाठी बग्ग्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि 'पीसेबल किंगडम' (शांततेचं राज्य) हे एकच चित्र त्याने साठेक वेळा काढलं! बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या अकराव्या अध्यायातलं दृश्य, लांडगा कोकराजवळ, सिंह बैलाशेजारी, मध्ये लहान मूल. मागे कोपऱ्यात बऱ्याचदा पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन तिथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांशी करार करताना दिसतो, म्हणजे देवाचं राज्य थेट आमच्याच वसाहतीत आलं असा एकंदर थाट. प्रत्यक्षात १७३७ मध्ये पेनच्याच मुलांनी लेनापेंची जमीन फसवून घेतली, आता ते चित्रात कुठून येणार म्हणा. १८२७ ला क्वेकरांमध्येच फूट पडली आणि त्यानंतरच्या चित्रांतले प्राणी थकलेले, ताणलेले वाटतात, सिंहाचे डोळे तर बघाच. मला तरी हीच जास्त खरी वाटतात. पुढच्या वेळी एखादं छापा ना, आणि प्लीज रंगीत छापा.
— एक वाचक, सातारा