किल्लारीचा प्रश्न

चि. बाईस अनेक आशीर्वाद.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी तू आजीला विचारलंस, "देव सगळं करू शकतो, तर किल्लारीला भूकंप झाला तेव्हा का नाही केलं?" आजी काही न बोलता पुरणाचं पातेलं उचलून आत गेली आणि मी तुला सगळ्यांदेखत गप्प केलं. चुकलं माझं. म्हणून लिहायला बसलो.

देवाला स्वतःलाच उचलता येणार नाही असा धोंडा घडवता येईल का, हा तुमचा हॉस्टेलवरचा वाद मी बाजूला ठेवतो. चौकोनी वर्तुळ काढता आलं नाही म्हणून कुणी दुबळा ठरत नाही. किल्लारीचं तसं नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजत आले होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा आडवे झाले होते. मी अठरा वर्षांचा. उजाडल्यावर आम्ही टिकाव-फावडी घेऊन गेलो. आजीच्या थोरल्या बहिणीला दुपारी बाहेर काढलं. केसांत गुलाल तसाच होता.

तिथंच कुणीतरी म्हणालं, "गावाचं पाप भरलं होतं." ते वाक्य मला आजही सहन होत नाही. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, त्यावर पावसाळ्याआधी दरसाल पडत गेलेला मातीचा थर. ते सगळं झोपेतल्या माणसांवर आलं. कुडाच्या झोपड्यांतले पुष्कळ वाचले. मग पाप काय भिंतीची जाडी बघून मोजायचं?

माणसाला मोकळीक दिली म्हणून वाईट घडतं, हे उत्तर खुनाला लागू पडतं. माळवद आपण घातलं हे खरं, पण जमीन आपण हलवली नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात ६१व्या श्लोकात ईश्वर सगळ्या भूतांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो, आणि दोनच श्लोकांनंतर अर्जुनाला सांगतो, 'यथेच्छसि तथा कुरु', तुला वाटेल तसं कर. कीर्तनात दोहोंची सांगड घालतात. माझ्या मनात ती अजून बसलेली नाही. मी ६३वा धरून चालतो, कारण त्यात माझ्या वागण्याचा जाब मलाच द्यावा लागतो.

आता पुराव्याचं. घडा आहे तर कुंभार आहे, तसं जग आहे तर कर्ता आहे, हे नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्या तर्कपंडितांचं म्हणणं. त्यावर बौद्ध पंडित धर्मकीर्तीनं विचारलं, वारूळही मातीचंच, तेही कुंभारानंच घडवलं म्हणायचं का? आपल्या बांधावरचं वारूळ आठव. मला त्याचं पटतं. वेदांतल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणारे मीमांसक तर वेद प्रमाण मानूनही जगाचा कर्ता मानत नव्हते. तेव्हा पोरगी पुण्याला जाऊन बिघडली असं कुणी म्हणालं, तर मनावर घेऊ नकोस.

माझ्याजवळ पुरावा नाही, बाई. वारीत चालताना जे वाटतं ते मला खरं वाटतं, पण ते तुझ्यापुढं साक्ष म्हणून ठेवता येत नाही. ठेवणारही नाही.

त्या रात्री तू झोपल्यावर आजी देवघरासमोर बसून होती. मला म्हणाली, "पोरीला रागावू नको. मी बी त्याला हेच इचारते." इतकी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं.

दिवाळीला आलीस की तिच्याजवळ बस. बहिणीचा विषय तूच काढ. माझ्यापाशी ती बोलत नाही, तुझ्यापाशी बोलेल असं वाटतं.

तुझा,
बाबा